विसाव्या वर्षी माजी

फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपान्त्य सामना झाला. शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. शारदाश्रमच्या दोन मुलांनी तिसऱ्या गड्यासाठी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. त्यांच्यानंतर फलंदाजीला यायचा तो अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून राहिला; त्याची पाळी आलीच नाही. समोरून मार खाणाऱ्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होता. चौघंही तेरा ते सोळा या वयातले, आणि चौघांनीही पुढे क्रिकेटलाच आयुष्य दिलं. त्यांच्या वाट्याला आलेल्या कसोटी सामन्यांचा हिशोब मात्र असा: तेंडुलकर २००, कांबळी १७, बहुतुले २, मुझुमदार ०.

या सामन्यातून मराठी घरांनी एक बोधकथा काढली. ती आजही ससा-कासवाच्या चालीवर मुलांना ऐकवली जाते. दोन मित्र, एकच मैदान, एकच गुरू. एकाने डोकं ताळ्यावर ठेवलं, दुसऱ्याचं फिरलं. तात्पर्य, बाळा, सचिन हो, विनोद होऊ नकोस. ही कथा फार सोयीची आहे, कारण तिच्यात सगळा दोष मुलाच्या स्वभावाला चिकटतो आणि शाळा, संघटना, निवड समित्या, वर्तमानपत्रं, टाळ्या वाजवणारे आपण असे सगळे मोठे लोक अलगद सुटतो. शिवाय ती चौघांपैकी दोघांचीच गोष्ट सांगते. मुझुमदारांच्या शिस्तीबद्दल कुणी कधी बोट दाखवलं नाही. रणजी पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा आणि ३० शतकं इतकं करून त्यांना भारताची टोपी मिळाली नाही. शिस्तीच्या बदल्यात कारकीर्द असा व्यवहार असता, तर त्यांच्या नावापुढे शून्य दिसलं नसतं.

छोटी कारकीर्द हा क्रिकेटमधला नेहमीचा प्रकार आहे. लांबलचक कारकीर्द हाच अपवाद. १९३२ पासून आजवर भारताकडून कसोटी खेळलेल्या पुरुषांची संख्या सव्वातीनशेच्या घरात आहे, आणि त्यांतल्या पुष्कळांचे सामने हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्यांच्या खाली रणजीपर्यंत पोचलेले, एकोणीस वर्षांखालील संघातून पुढे न सरकलेले, आणि शालेय क्रिकेटमध्ये एक मोसम गाजवून दिसेनासे झालेले असे थरावर थर आहेत. म्हणून कारकीर्द लांबवायची कशी, या प्रश्नाभोवती सगळी चर्चा फिरवण्यात अर्थ नाही. बहुतेकांची कारकीर्द आखूडच राहणार. ती आखूड पडते तेव्हा त्या मुलाच्या पायाखाली जमीन किती उरते, हे विचारायला हवं.

याचा उलगडा करायला माधव आपटे आणि विनोद कांबळी ही दोन नावं शेजारी ठेवावीत. आपट्यांचा जन्म १९३२ चा. नोव्हेंबर १९५२ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर पाकिस्तानविरुद्ध त्यांनी पदार्पण केलं. लगेच वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेले आणि तिथे पाच कसोटींत ४६० धावा केल्या. पोर्ट ऑफ स्पेनला नाबाद १६३. सात कसोटी, सरासरी ४९.२७. दौरा संपला तेव्हा ते वीस वर्षांचे होते. त्यानंतर त्यांना भारतासाठी एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. विसाव्या वर्षी माणूस माजी कसोटीपटू झाला.

कांबळींचं चढणं याहून झगझगीत. जानेवारी १९९३ मध्ये पदार्पण, फेब्रुवारीत वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, मार्चमध्ये दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७, मग श्रीलंकेत आणखी दोन शतकं. चौदा डावांत हजार धावा. भारतीयांत इतक्या झपाट्याने तिथवर कुणीच पोचलेलं नाही. पुढे वेस्ट इंडीजच्या वेगवान माऱ्यापुढे धावा आटल्या, शिस्तीबद्दल तक्रारी झाल्या, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये कटकला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी शेवटची कसोटी खेळली. वय तेवीस. सरासरी ५४.२०. एकदिवसीय सामने २००० पर्यंत अधूनमधून मिळत राहिले, पण कसोटीचं दार पुन्हा उघडलं नाही.

आकड्यांच्या अंगाने दोघांची गत जवळपास सारखी: पन्नाशीच्या आसपासची सरासरी, अवघे काही सामने, आणि खेळाचं ऐन वय सुरू होण्याआधीच विराम. पण पुढची आयुष्यं बघा. आपटे उद्योगपतींच्या घरातले. क्रिकेट थांबलं तरी घरचा व्यवसाय होता, शिक्षण होतं, ओळखीपाळखी होत्या. मुंबईसाठी ते खेळत राहिले, कांगा लीगमध्ये तर पुढे कित्येक दशकं खेळले. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे अध्यक्ष झाले, आणि पंधराएक वर्षांच्या तेंडुलकरला त्या क्लबकडून खेळण्याची वाट मोकळी करून देणाऱ्यांत तेही होते. २०१९ मध्ये ते गेले तेव्हा लोकांनी ‘अन्याय झालेला खेळाडू’ म्हणून हळहळ व्यक्त केली, पण कुणी ‘वाया गेलेला माणूस’ म्हटलं नाही. कांबळी कामगाराच्या घरातले. कांजूरमार्गहून लोकलने शिवाजी पार्क गाठणाऱ्या त्या मुलाकडे बॅटशिवाय दुसरं भांडवल नव्हतं. २०२२ मध्ये त्यांनीच जाहीरपणे सांगितलं की बीसीसीआयच्या निवृत्तिवेतनावर आपलं घर चालतं आणि आपल्याला क्रिकेटमध्येच काहीतरी काम हवं आहे. त्यांच्या हातून चुका झाल्या असतील. वीस-बावीसच्या वयात चुका करणारे मिलमालकांच्या घरांतही असतात. फरक इतकाच की तिथे चुकीची किंमत घर भरतं, आणि जिथे घर ती भरू शकत नाही तिथे ती एकट्या मुलाला आयुष्यभर भरावी लागते.

ही जमीन घरून मिळाली नाही तर ती कुठून मिळू शकते, याचा विचार करताना मला हायडेलबर्ग हे जर्मन शहर महत्त्वाचं वाटतं. क्रिकेटच्या नकाशावर त्याला स्थान नाही. नेकार नदी, किल्ल्याचे भग्नावशेष आणि १३८६ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ, एवढ्यासाठी जग त्याला ओळखतं. त्याच विद्यापीठाच्या क्रीडाशास्त्र विभागात १९९८ मध्ये प्राध्यापक क्लाउस रोट यांनी ‘बालशूले’ नावाचा उपक्रम सुरू केला. नाव साधं, चेंडूची शाळा. बालवाडीपासून प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना इथे कुठलाही एक खेळ शिकवत नाहीत. चेंडू हाताने, पायाने, काठीने, रॅकेटने खेळायचा. तो कुठे पडेल हे आधी हेरणं, मोकळी जागा दिसणं, योग्य क्षणी धावणं, जोडीदाराला दिसेल असं उभं राहणं, या सगळ्या चेंडूखेळांना लागणाऱ्या गोष्टी आधी अंगात मुरू द्यायच्या आणि खेळाची निवड नंतर करायची. शिकवणाऱ्याने कमी बोलायचं. मुलांनी खेळता खेळता स्वतःच शोधायचं, हरायचं, नियम बदलून पुन्हा खेळायचं.

या उपक्रमामागचं निरीक्षण आपल्याला ओळखीचं वाटेल. जर्मनीतल्या रस्त्यांवरून, अंगणांतून मुलांचा मोकळा खेळ नाहीसा होत चालला होता. पूर्वी मुलं तासन्‌तास देखरेखीविना खेळून जे शिकत, ते आता कुठेच शिकायला मिळत नव्हतं. म्हणजे एका विद्यापीठाला अभ्यासक्रम आखून जे परत आणावं लागलं, ते गिरगाव-दादरच्या चाळींत कुणीही न शिकवता चाललं होतं. भिंतीला लागला तर दोन, गॅलरीत गेला तर आउट, एक टप्पा एका हाताने झेल, अंधार पडला की शेवटची ओव्हर. या नियमांनी मुंबईच्या फलंदाजांना चेंडू उशिरा खेळायला, खाली ठेवायला, अरुंद जागेतून फट काढायला शिकवलं. नेटमधलं शिक्षण त्यावर नंतर चढलं. ब्रॅडमनसुद्धा बौरलच्या घरामागे पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीवर गोल्फचा चेंडू मारत स्टंपने तो टोलवत असे, आणि शाळा सुटल्यावर दोन वर्षं क्रिकेट सोडून टेनिसच खेळला. तेंडुलकरच्या लहानपणी घरात मॅकेन्रोचं वेड होतं, आणि पुढे चेन्नईला तो वेगवान गोलंदाज व्हायला गेला होता. एकाच गोष्टीवर लहानपणापासून नजर खिळवलेला मुलगा म्हणून आपण ज्याचं उदाहरण देतो, त्याच्याही वाटेला फाटे होतेच.

हायडेलबर्गपासून फार दूर नसलेल्या कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठातले आर्ने ग्युलिख यांनी सहकाऱ्यांसह सहा हजारांहून अधिक खेळाडूंच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यांत जागतिक दर्जाचे सातशेहून अधिक होते. निष्कर्ष असा निघाला की मोठेपणी शिखरावर पोचलेल्यांनी लहानपणी सरासरीने अधिक खेळ खेळले होते, मुख्य खेळ उशिरा धरला होता, आणि सुरुवातीला त्यांची प्रगती इतरांपेक्षा संथ होती. कुमारवयात चमकलेल्यांचं चित्र याच्या उलट होतं: एकच खेळ, लवकर सुरुवात, भराभर चढाई. या सरासरीवरून एखाद्या विशिष्ट मुलाचं भविष्य सांगता येणार नाही, हे खरं. पण पंधराव्या वर्षीचं यश आणि पंचविसाव्या वर्षीचं यश यांच्या वाटा वेगळ्या असू शकतात, एवढं जरी मानलं तरी आपल्या शालेय क्रिकेटचा सगळा बाज प्रश्नांकित होतो. आपण पंधराव्या वर्षीच्या यशासाठी मुलाला पूर्ण पिळून घेतो, आणि पंचविसाव्या वर्षी तो कोरडा निघाला की त्यालाच दोष देतो.

कल्याणला जानेवारी २०१६ मध्ये जे घडलं ते याच बाजाचं टोक होतं. भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने आर्य गुरुकुलविरुद्ध ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. संघाच्या ३ बाद १४६५. प्रतिस्पर्ध्यांचे डाव ३१ आणि ५२. इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेजात १८९९ मध्ये तेरा वर्षांच्या आर्थर कॉलिन्सने केलेल्या नाबाद ६२८ चा, ११६ वर्षं टिकलेला विक्रम मोडला. रिक्षाचालकाचा पंधरा वर्षांचा मुलगा रातोरात जगभर पोचला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी कामगिरी मनासारखी होत नाही असं पाहून ती थांबवावी, असं त्याच्या वडिलांनीच असोसिएशनला कळवलं. या सगळ्या प्रकरणात सर्वांत प्रतिष्ठेने वागले ते हे कुटुंब. बाकीच्यांचं काय? समोरचा संघ ३१ धावांत गुंडाळला गेला होता. पाचशे धावा झाल्या तेव्हा सामन्यात शिकण्यासारखं काय उरलं होतं, गोलंदाजी करणाऱ्या लहान मुलांच्या अंगात त्या दोन दिवसांत काय मुरलं, हे तिथे हजर असलेल्या कुणा मोठ्या माणसाने विचारल्याचं ऐकिवात नाही. विक्रम होतोय म्हटल्यावर सगळे प्रेक्षक झाले. चेंडूच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाने शंभरीनंतर त्याला निवृत्त करून दुसऱ्या मुलाला बॅट दिली असती, नाहीतर दोन्ही संघांतली मुलं अदलाबदल करून डाव पुन्हा मांडला असता. इंग्लंडमधल्या कित्येक कुमार सामन्यांत ठरावीक धावा झाल्या की फलंदाजाला निवृत्त व्हावंच लागतं. खुद्द शारदाश्रमच्या त्या मुलांचे गुरू रमाकांत आचरेकर सरांनीही १९८८ मध्ये डाव घोषित करण्याचा निरोप धाडला होता. पोरांनी तो ऐकू न आल्यासारखं केलं, आणि दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं तेव्हा साडेतीनशेला एक धाव कमी असतानाच कांबळीला थांबावं लागलं. सरांना सामना जिंकायचा होता, आकडा फुगवायचा नव्हता.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की जर्मनीला क्रिकेट येत नाही, तिच्याकडून आपण काय शिकणार? दुसरा अधिक नेमका: जर्मनीतही कोवळी प्रतिभा करपतेच. हा दुसरा आक्षेप पूर्ण खरा आहे. हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या लोराख गावी १९८० मध्ये जन्मलेला सेबास्टियन डाइसलर पंधराव्या वर्षी घर सोडून म्योन्शनग्लाडबाखच्या फुटबॉल अकादमीत गेला. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी त्याच्याकडे जर्मन फुटबॉलचा तारणहार म्हणून पाहत होते. गुडघ्याच्या एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, २००३ मध्ये नैराश्यावर उपचार घ्यावे लागले, आणि जानेवारी २००७ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. युरो २००० मधल्या नामुष्कीनंतर जर्मनीने व्यावसायिक क्लबांना कुमार अकादम्या सक्तीच्या केल्या. त्या अकादम्यांतूनही दरवर्षी असंख्य मुलं गळतात. तेव्हा तिथे स्वर्ग आहे असं कुणी समजू नये. अकादमी तिथेही निर्दयच असते, कारण निवड करणं हेच तिचं काम.

पण अकादमीच्या खाली तिथे क्लबांचा एक रुंद थर आहे. जर्मनीत खेळांचे सुमारे ८६ हजार नोंदणीकृत क्लब आहेत आणि त्यांची सदस्यसंख्या पावणेतीन कोटींहून अधिक. हायडेलबर्गमध्ये १८७२ मध्ये स्थापन झालेला एक नौकानयन क्लब आहे. इंग्रज विद्यार्थ्यांनी आणलेली रग्बी तिथे रुजली आणि त्यातून हे शहर जर्मन रग्बीचं माहेरघर झालं. अशा क्लबात लहान मुलांचे संघ असतात, पहिला संघ, दुसरा संघ असतो, आणि पोट सुटलेल्या प्रौढांचाही असतो. पहिल्या संघातून वगळलेला मुलगा दुसऱ्या संघात जातो, पंचगिरी शिकतो, धाकट्यांना शिकवतो, वार्षिक सभेत मत देतो. त्याची वर्गणी माफक असते आणि त्याचं सदस्यत्व त्याच्या फॉर्मवर अवलंबून नसतं. शहरात ऑलिम्पिक प्रशिक्षण केंद्रही आहे, आणि अशा केंद्रांत खेळाडूला शिक्षण व नोकरी यांची सांगड घालून देणारे सल्लागार नेमलेले असतात. ‘खेळ सुटला तर काय’ हा प्रश्न तिथे खेळ चालू असतानाच विचारला जातो.

क्रिकेटही तिथे याच थरात शिरलं. २०१५ नंतर अफगाणिस्तानातून आलेल्या तरुणांनी जर्मनीतल्या क्रिकेट क्लबांची संख्या भराभर वाढवली; भारतातून आलेले विद्यार्थी आणि अभियंतेही तिथे खेळतात. जर्मनीच्या महिला संघाचं नेतृत्व केलेल्या अनुराधा दोड्डबल्लापूर मूळ बेंगळुरूच्या, बाड नाउहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत हृदयविकारांवर संशोधन करणाऱ्या. ऑगस्ट २०२० मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध त्यांनी चार चेंडूंत चार बळी घेतले. दर्जाचा प्रश्न बाजूला ठेवू. एक माणूस प्रयोगशाळेत काम करतो, शनिवारी क्लबासाठी गोलंदाजी टाकतो, आणि त्यांतलं एक दुसऱ्याच्या आड येत नाही, ही व्यवस्था लक्षात घेण्याजोगी आहे.

पहिल्या आक्षेपाचं उत्तरही यातच आहे. जर्मनीकडून क्रिकेट शिकायचं नाही. आपण जे करत होतो त्याचं मोल तिच्याकडे पाहून कळतं. मुंबईकडे असा रुंद थर होता. १९४८ पासून पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग हे त्याचं ठळक रूप: ओली, कच्ची खेळपट्टी, गुडघ्याएवढं गवत, आणि एकाच संघात शाळकरी पोरगा, बँकेतला कारकून व निवृत्त कसोटीपटू. वयाने आणि दर्जाने इतका मिसळलेला संघ मुलाला दोन गोष्टी न बोलता शिकवत असे. आपल्यापेक्षा थोर खेळलेला माणूस आज आपल्याबरोबर चिखलात क्षेत्ररक्षण करतोय, म्हणजे मोठेपण कायमचं नसतं; आणि तो अजून मजेत खेळतोय, म्हणजे मोठेपण गेल्यावरही खेळ उरतो. दुसरा आधार टाइम्स शील्डचा. निरलॉन, मफतलाल, टाटा, स्टेट बँक यांसारख्या कचेऱ्या खेळाडूंना नोकऱ्या देत आणि त्यांचे संघ एकमेकांशी झुंजत. सुनील गावसकरही निरलॉनमध्ये नोकरीला होते. पगार थोडा असेल, पण खेळ थांबला तरी टेबल-खुर्ची राहत असे. आचरेकर सरांचंच पाहा: त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना, तोही स्टेट बँकेच्या संघाकडून. याहून छोटी कारकीर्द ती कोणती? पण नोकरी होती, शिवाजी पार्क होतं, क्लब होता. म्हणून त्या एका सामन्यानंतर त्यांचं क्रिकेट अर्धशतकभर चाललं आणि त्यातून किती कारकिर्दी उभ्या राहिल्या.

आज हे दोन्ही आधार पातळ झाले आहेत. गिरण्या गेल्या, कचेऱ्यांनी खेळाडूंची भरती आखडली, चाळींच्या जागी पार्किंग असलेले टॉवर आले, आणि शाळेच्या मैदानावर महिन्याच्या फीवर चालणाऱ्या अकादम्या बसल्या. २००८ पासून आयपीएलने पैसा आणला हे नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी रणजीपटूला स्वप्नातही न दिसलेली रक्कम आज विशीतल्या मुलाच्या हातात पडते. पण तो पैसा लिलावाचा आहे. एक हंगाम फसला की बोलीच लागत नाही, आणि त्या मुलाला ना कचेरी असते ना क्लब. शाळेत ५४६ धावा, कसोटी पदार्पणात शतक, एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणारं कर्णधारपद आणि पाच कसोटींनंतर संघाबाहेर, असा पृथ्वी शॉचा प्रवास आपल्या डोळ्यांसमोर आहे. पंचविशीच्या मुलाबद्दल निकाल द्यायची घाई करू नये. तरी त्याच्याबद्दल समाजमाध्यमांवर जे लिहिलं जातं ते वाचलं की जुनी बोधकथा नवी नावं घेऊन फिरते आहे हे कळतं: ‘बाळा, याच्यासारखा होऊ नकोस.’

जमीन असली तर आखूड कारकिर्दीतूनही काय उगवतं, याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. डावखुरा फिरकीपटू नीलेश कुलकर्णी यांनी १९९७ मध्ये कोलंबोत कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला. मग श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावा केल्या, आणि कुलकर्णींच्या ७० षटकांत १९५ धावा गेल्या. बळी तो एकच. तीन कसोटी, दोन बळी, एवढीच कारकीर्द. पुढे त्यांनी मुंबईत क्रीडा व्यवस्थापनाचं शिक्षण देणारी संस्था उभारली. बहुतुले प्रशिक्षक झाले. आणि ज्यांची पाळीच आली नव्हती ते मुझुमदार भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून तो संघ विश्वविजेता ठरला. मात्र या उदाहरणांतून ‘जिद्द असेल तर मार्ग निघतो’ असं नवं तात्पर्य काढायला मी तयार नाही. ती जुन्या बोधकथेचीच उलटी बाजू झाली. मुझुमदारांना पुढची वीस वर्षं रणजी खेळायला मिळाली, आणि संघटनांनी नंतर काम दिलं, म्हणून त्यांची जिद्द कामी आली. जिद्दीला उभं राहायला जागा लागते, आणि जागा देणं हे व्यवस्थेचं काम.

ते काम फार अवघडही नाही. चौदा वर्षांखालच्या सामन्यांत फलंदाजाने ठरावीक धावांनंतर निवृत्त व्हावं, म्हणजे उरलेल्या दहा मुलांच्या हाती बॅट येईल. बारा वर्षांखालच्या मुलाला एकच खेळ खेळायला लावणाऱ्या शिबिरांना शाळेने आपलं मैदान देऊ नये. सोळा किंवा एकोणीस वर्षांखालच्या संघातून वगळलेल्या प्रत्येक मुलाला असोसिएशनने एखाद्या कांगा लीग क्लबाशी जोडून द्यावं; पंच, गुणलेखक, प्रशिक्षक यांच्या परीक्षांची दारं त्याला त्याच वर्षी उघडावीत. बीसीसीआयचं निवृत्तिवेतन प्रथम श्रेणी आणि त्यावरच्या खेळाडूंसाठी आहे. त्याखाली थांबलेल्यांसाठी निदान शिक्षण पुरं करण्याची शिष्यवृत्ती असावी, आणि ती कामगिरी खालावली म्हणून बंद होऊ नये. कामगिरी खालावते तेव्हाच तिची खरी गरज असते.

आणि मोजायचंच असेल तर वेगळं मोजावं. शाळा, अकादम्या, असोसिएशन आपली थोरवी किती मुलं ‘वर’ गेली यावर सांगतात. शारदाश्रमाच्या त्या संघातली दोन-तीन नावं सगळ्यांना पाठ आहेत. उरलेल्या आठांचं काय झालं, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. प्रत्येक संस्थेने दहा वर्षांपूर्वीच्या आपल्या संघाची यादी काढावी आणि त्यातला प्रत्येकजण आज काय करतो, अजून खेळतो का, हे प्रसिद्ध करावं. ज्या संस्थेच्या यादीतले बहुतेक जण चाळिशीतही रविवारी कुठेतरी बॅट धरत असतील, ती चांगली शाळा. जिच्या यादीत एक तारा आणि बाकी सगळे क्रिकेट पाहणंसुद्धा सोडून दिलेले असतील, तिने त्या एका ताऱ्याचं श्रेय घेण्याआधी बाकीच्यांचा हिशोब द्यावा.